आकड्याला किती बोलू द्यावे

अकोल्याच्या गाडीवर एमएच ३० असते, अमरावतीच्या गाडीवर एमएच २७. तीसमधून सत्तावीस गेले की तीन उरतात, पण त्या तिनाचा या दोन शहरांमधल्या कशाशीही संबंध नाही. अंतराशी नाही, लोकसंख्येशी नाही, पावसाशी नाही. हे शाळकरी पोरालाही कळते. मापनाच्या पातळ्यांवरचे बहुतेक धडे असल्याच उदाहरणाने सुरू होतात आणि नावापुरत्या आकड्यांची नामश्रेणी संपली असे मानून पुढच्या पानाकडे वळतात. मला मात्र इथे थोडे थांबायचे आहे. अमरावती २७, बुलढाणा २८, यवतमाळ २९, अकोला ३० असे वऱ्हाडातले चार जुने जिल्हे ओळीने येतात. मग वाशीम ३७ वर का गेले? वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आधीचे क्रमांक वाटले गेले तेव्हा तो नव्हताच. म्हणजे निव्वळ ओळखीसाठी दिलेला आकडा ‘जिल्हा आधीचा की नंतरचा’ या प्रश्नाला थोडेफार उत्तर देऊ लागला. आकडा तोच होता, आपण त्याला निराळे काहीतरी विचारले.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने मापनाच्या पातळ्या शिकायच्या त्या याच अंगाने, असे माझे ठाम मत आहे. पातळी आकड्याच्या अंगावर लिहिलेली नसते. आपण काय विचारतो आणि जगातली कोणती गोष्ट त्या आकड्याच्या मागे उभी आहे, यांच्या नात्यातून ती ठरते. अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांत मराठीतून मानसशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या या पुस्तकाची उदाहरणे म्हणूनच इथली आहेत.

विषयाचा इतिहास थोडक्यात सांगतो. माणसाच्या संवेदनेचे मापन खरोखर करता येते का, हे ठरवण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने १९३२ साली भौतिकशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांची एक समिती नेमली. तिचा अंतिम अहवाल १९४० मध्ये आला, पण एकमत झाले नाही. नॉर्मन कॅम्पबेल यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, दोन काठ्या टोकाला टोक लावून ठेवल्या की लांबीची बेरीज होते, तशी दोन संवेदनांची बेरीज कोणी करून दाखवलेली नाही, तेव्हा याला मापन म्हणू नये. हार्वर्डचे एस. एस. स्टीव्हन्स आवाजाच्या जाणवणाऱ्या मोठेपणावर काम करीत होते आणि वादाचा रोख त्यांच्याच श्रेणीवर होता. १९४६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी उत्तर दिले. नियमानुसार आकडे देणे म्हणजे मापन, आणि नियम निरनिराळे असल्याने श्रेणीही निरनिराळ्या: नामश्रेणी, क्रमश्रेणी, अंतरालश्रेणी, गुणोत्तरश्रेणी. आज आपल्या प्रत्येक क्रमिक पुस्तकात जो चार ओळींचा तक्ता असतो तो मूळ इथला. एका न मिटलेल्या भांडणातून तो जन्मला, हे मात्र तक्ता पाठ करताना कोणी सांगत नाही.

आपल्या वर्गातली परिस्थिती वेगळी सांगायला नको. बी.ए.ला मानसशास्त्र घेणाऱ्या पुष्कळ मुलांचे गणित दहावीलाच सुटलेले असते. काही जण दर्यापूर, अचलपूर, अकोट, बाळापूरहून रोज एसटीने येतात. प्रात्यक्षिकाची वही नेटकी असते, मध्यमान आणि प्रमाण विचलन न चुकता काढलेले असते, चार श्रेणींच्या व्याख्याही तोंडपाठ असतात. पण एखाद्या मुलीला विचारावे, ‘तू काढलेल्या या मध्यमानाचा अर्थ काय?’ तर ती गोंधळते आणि शेजारचा मुलगा तिच्या बाजूने बोलतो, “सर, आकडा त आकडाच असते न!” त्याचे म्हणणे हसून सोडून देण्यासारखे नाही. शाळेत त्याला हेच शिकवले गेले आहे. गणिताच्या तासाला पाच म्हणजे पाच, मग ते आंबे असोत की रुपये. आकड्यामागे काय आहे हे विसरायला शिकणे, हेच तर अंकगणिताचे बळ. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षी त्या मुलाला नेमके उलटे शिकायचे असते, आणि आपण त्याच्या हातात तक्ता देतो.

या पुस्तकात तक्ता तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी येतो. त्याआधी एकच कसोटी पुन्हा पुन्हा वापरली आहे: आकडे बदलून पाहा आणि काय खरे राहते ते शोधा. अकोल्यात जानेवारीतली एखादी पहाट ११ अंशांची असते आणि मेमधली दुपार ४४ अंशांची. दुपार चौपट गरम झाली का? सेल्सिअसमध्ये आकडा चौपट दिसतो. तेच तापमान फॅरनहाइटमध्ये लिहिले की ५१.८ आणि १११.२ होते, म्हणजे सव्वादोन पटींहूनही कमी. केल्व्हिनमध्ये लिहिले तर २८४ आणि ३१७, म्हणजे नवव्या हिश्शापेक्षा थोडी जास्त वाढ. ऊन तेच, झळ तीच, ‘पट’ मात्र दर वेळी निराळी. पण ११ पासून २२ पर्यंतची चढण आणि ३३ पासून ४४ पर्यंतची चढण सारखी आहे, हे विधान तिन्ही मापांत टिकते. एवढे हाताने करून झाले की अंतरालश्रेणीची व्याख्या विद्यार्थी स्वतः सांगतो. गुणोत्तरश्रेणीला खरे शून्य का लागते, हेही त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तापमान शिकवायला सोपे आहे. आपल्या भागात ज्या आकड्यांवर माणसांचे बरेवाईट ठरते ते आकडे इतके सरळ नाहीत. मेळघाटापासून सुरुवात करू.

धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या अंगणवाड्यांत मुलांचे वजन होते. किलोग्रॅम ही गुणोत्तरश्रेणी. दहा किलोचे मूल पाच किलोच्या मुलाच्या दुप्पट वजनाचे, याबद्दल दुमत नाही. पूर्वी या वजनावरून कुपोषणाची श्रेणी ठरत असे. वयाच्या मानाने अपेक्षित वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक असेल तर सामान्य, त्याखाली दहा-दहा टक्क्यांचे टप्पे, पहिल्या श्रेणीपासून चौथ्या श्रेणीपर्यंत. टक्के होते तोवर गुणोत्तर शाबूत होते. ‘तिसरी श्रेणी’ म्हटल्याबरोबर आपण फक्त क्रम सांगणाऱ्या क्रमश्रेणीत उतरलो. एखाद्या गावाची ‘सरासरी श्रेणी’ २.४ वरून २ वर आली, असे वाक्य कानाला चांगले लागते, पण त्यातून कोणत्या मुलाचे काय झाले ते कळत नाही. चौथ्या श्रेणीतली दोन मुले तिसरीत आली की पहिल्या श्रेणीतली दोन सामान्य झाली, हे आपल्याला कळायला हवे असते, आणि नेमके तेच सरासरीत बुडते. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने वाढीची नवी मानके दिली आणि पुढे अंगणवाडीतही तीच आली. मानक बदलले की काही मुलांचा गटही बदलतो. मूल तेवढेच असते, तराजूवरचा काटाही तिथेच असतो.

दंडाची पट्टी तर वर्गात आणून दाखवावी अशी वस्तू आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असला की लाल, तिथून १२.५ च्या आत पिवळा, पुढे हिरवा. आता तीन मुले घ्या: ११.४, ११.६ आणि १२.४. पहिल्या दोघांत फरक दोन मिलिमीटरचा, पण रंग वेगळे. दुसऱ्या-तिसऱ्यात आठ मिलिमीटरचा फरक, आणि रंग एकच. मोठा फरक नाहीसा झाला, लहान फरकाची भिंत झाली. म्हणून पट्टी वाईट ठरते का? अजिबात नाही. उन्हातान्हात पाड्यापाड्यावर फिरणाऱ्या सेविकेला ताबडतोब निर्णय घ्यायचा असतो, कोणत्या मुलाला आज उपचार केंद्रात पाठवायचे हा. त्या प्रश्नासाठी तीन रंग पुरतात. वर्षभरात मुले किती सुधारली हे ज्याला शोधायचे आहे, त्याने मात्र रंग मोजू नयेत, मिलिमीटर लिहून ठेवावेत. वरच्या श्रेणीतून खालच्या श्रेणीत कधीही उतरता येते, पण वहीत फक्त ‘पिवळा’ लिहिले असेल तर त्यातून ११.६ परत काढता येत नाही. माझ्या मते संशोधन पद्धतीच्या सगळ्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला आयुष्यभर उपयोगी पडणारी अशी गोष्ट दुसरी नाही. तरीही वयाच्या रकान्यात ‘१८–२१’, ‘२२–२५’ असे गट छापलेल्या प्रश्नावल्या दर वर्षी नव्याने निघतात. वय विचारले असते तर माणसाने वय सांगितले असते.

आता मनाकडे येतो. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या भागाचे नाव देशभर गेले होते, तिथे नैराश्य असलेली माणसे उपचारापर्यंत पोचावीत, हा त्याचा हेतू. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये आले. नैराश्य असलेल्यांपैकी आधी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, नंतरच्या पाहणीत ते प्रमाण २७.२ टक्के निघाले, म्हणजे सहा पटींहून अधिक. इथे ‘पट’ म्हणता येते, कारण आपण माणसे मोजत आहोत. मदत घेणारा एकही माणूस नाही, या शून्याला अर्थ आहे.

पण नैराश्य कोणाला आहे हे कसे ठरवले? पीएचक्यू-९ या प्रश्नावलीने. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी ती २००१ मध्ये मांडली. प्रश्न नऊ, काळ मागच्या दोन आठवड्यांचा, आणि प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरे: अजिबात नाही म्हणजे ०, काही दिवस म्हणजे १, अर्ध्याहून अधिक दिवस म्हणजे २, जवळजवळ रोज म्हणजे ३. बेरीज शून्यापासून सत्तावीसपर्यंत. दहा किंवा त्याहून जास्त झाली की नैराश्याची शक्यता धरून पुढे जायचे.

या प्रश्नावलीवर पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि विद्यार्थ्यांनी तेच सर्वांत सावकाश वाचावे. चौदा दिवसांपैकी दोन दिवस झोप लागली नाही तरी ‘काही दिवस’, सहा दिवस लागली नाही तरी ‘काही दिवस’च. शून्यापासून एकपर्यंतची पायरी आणि दोनपासून तीनपर्यंतची पायरी सारख्या उंचीच्या आहेत असे म्हणायला आधार नाही. शिवाय कापूस वेचून दिवस मावळल्यावर घरी आलेल्या बाईला थकवा कधी येतो असे विचारले तर ती काय सांगणार? “हे त रोजचंच हाय.” तिचे तीन गुण झाले. ते गुण मनाचे किती आणि वेचणीचे किती?

दोन माणसे घेऊ. पहिल्याची उत्तरे: झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष न लागणे २, बाकी सगळी शून्ये. बेरीज १०. दुसऱ्याची: उदास वाटणे ३, कशातच गोडी नसणे ३, आपण घराला कमी पडलो असे वाटणे ३, आणि मरण बरे किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला १. बेरीज पुन्हा १०. दोन्ही दहा सारखे धरायचे, हा निर्णय आकड्यांनी घेतलेला नाही, तो आपण घेतला आहे. गावपातळीवरच्या पाहणीत, कोणापर्यंत पोचायचे हे ठरवताना तो निर्णय योग्यच आहे, अनेक ठिकाणी पारखून घेतलेला आहे. पण २० गुणांचा माणूस १० गुणांच्या माणसाच्या दुप्पट दुःखी, हे वाक्य कोणत्याही अहवालात येता कामा नये. शून्य गुण मिळालेल्या माणसाला दुःख नाही, हेही नाही. त्याने नऊ प्रश्नांना ‘अजिबात नाही’ म्हटले, एवढेच आपल्याला कळले.

बुद्धिमापनाचे प्रकरण इतिहासामुळे आपोआप मोठे झाले. बिने यांनी १९०५ मध्ये चाचणी तयार केली तेव्हा त्यांनीच सांगून ठेवले होते की लांबी मोजतात तसे हे मोजमाप नव्हे, मुलांची क्रमवार वर्गवारी आहे. मराठी आणि कन्नड मुलांसाठी धारवाड भागात डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिचे रूपांतर केले. त्यांचे भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे पुस्तक १९४० मध्ये निघाले आणि बिने-कामत चाचणी आजही वापरली जाते. आपल्या शेजारी नागपूरला आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूप तयार केले, ते १९६९ चे. कामत यांच्या पद्धतीत मानसिक वय काढून त्याला खऱ्या वयाने भागायचे आणि शंभराने गुणायचे. भागाकार दिसला की मन म्हणते, हे गुणोत्तर असणार. पण चार वर्षांच्या मानसिक वयापासून सहापर्यंतची वाढ आणि बारापासून चौदापर्यंतची वाढ सारखी आहे, हे कोणी सिद्ध केलेले नाही. भागाकार करता येतो म्हणून त्यामागच्या गोष्टीला गुणोत्तर लाभत नाही.

हा प्रश्न केवळ वर्गातला नाही. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रात चाचण्यांतून आलेल्या गुणांकाचे गट पाडतात: सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र. आणि त्यांना अनुक्रमे ५०, ७५, ९० आणि १०० टक्के दिव्यांगत्व देतात. म्हणजे आधी जेमतेम अंतरालश्रेणी म्हणावी असा गुणांक, त्यातून क्रमश्रेणीचे चार शब्द, आणि त्या शब्दांतून पुन्हा टक्के. शेवटचे टक्के किलोग्रॅमइतके भक्कम दिसतात. २०१६ च्या कायद्यानुसार अनेक सवलतींची रेषा ४० टक्क्यांवर आहे, तेव्हा या शब्दांवर एखाद्या घराचा आधार अवलंबून असतो. उद्या जिल्हा रुग्णालयात असे अहवाल लिहिणाऱ्यांत आपलेच विद्यार्थी असतील. मुलाची आई त्यांना विचारेल, ‘पंचाहत्तर टक्के म्हणजे त्याचं पंचवीस टक्केच डोकं चालते का?’ या प्रश्नाचे नीट, मायेने आणि खरे उत्तर देता यावे, एवढ्यासाठी तरी मापनाच्या पातळ्या कळायला हव्यात.

स्टीव्हन्स यांची मांडणी सर्वमान्य आहे असे या पुस्तकात कुठेही म्हटलेले नाही. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५३ मध्ये फुटबॉल खेळाडूंच्या पाठीवरच्या क्रमांकांची एक गोष्ट लिहिली. नवख्या संघाला मुद्दाम लहान क्रमांक दिले का, अशी शंका आल्यावर त्याच ‘नुसत्या नावां’ची सरासरी काढणे रास्त ठरते, हा तिचा गाभा. वाशीमचा ३७ मी त्या गोष्टीच्या वाटेनेच आणला. १९९३ मध्ये वेलमन आणि विल्किन्सन यांनी तर सांगितले की या चार कप्प्यांवरून सांख्यिकीय कसोटी निवडणे दिशाभूल करणारे आहे. एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्येही तीनच पर्याय दिसतात, नॉमिनल, ऑर्डिनल आणि स्केल. शेवटच्या दोन श्रेणी तिथे एकाच नावाखाली नांदतात.

मग शहरी आणि ग्रामीण विद्यार्थ्यांच्या समायोजनाचा तुलनात्मक अभ्यास करणाऱ्याने लायकर्ट पद्धतीच्या प्रश्नावलीची बेरीज करून टी-चाचणी लावावी की नाही? लावावी. क्रमश्रेणीवर मध्यमान काढणे काटेकोरपणे बसत नसले तरी व्यवहारात त्यातून उपयोगाचे निष्कर्ष निघतात, हे खुद्द स्टीव्हन्स यांनीही मान्य केले होते. माझी अपेक्षा एवढीच की पायऱ्या समान धरल्या आहेत हे प्रबंधात एका वाक्यात लिहावे, मध्यमानाशेजारी मध्यांक द्यावा, कोणत्या उत्तराला किती जण याचा तक्ता जोडावा, आणि ‘पट’ हा शब्द वापरण्याआधी शून्य तपासावे. ‘लायकर्टला टी-चाचणी चालत नाही’ असे एका दमात सांगून तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला गप्प करणेही मला अन्यायाचे वाटते. त्याने कारण दिले तर ते ऐकावे.

प्रात्यक्षिकांबद्दल थोडेसे. रेषेची लांबी चुकीची भासवणाऱ्या मुलर-लायर भ्रमाचा प्रयोग पहिल्याच आठवड्यात घ्यावा. चूक मिलिमीटरमध्ये येते, शून्य चूक म्हणजे खरोखर चूक नाही, आणि एकीची चूक दुसरीच्या दुप्पट आहे असे बेलाशक लिहिता येते. मग विचारावे, की ती दुप्पट फसली का? रेषेची लांबी गुणोत्तरात आहे, फसण्याचे काय? या प्रश्नावर वर्ग तासभर भांडतो, आणि शिक्षकाने त्या तासाला निकाल देण्याची घाई करू नये.

पीएचक्यू-९ च्या प्रकरणातली सगळी उत्तरपत्रे सरावासाठी मी रचलेली आहेत, कोणाही खऱ्या माणसाची नाहीत. प्रकल्पासाठी विद्यार्थी खरी माणसे गाठणार असतील तर संमती आणि शिक्षकांची देखरेख यांशिवाय ही प्रश्नावली बाहेर नेऊ नये. नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय कोणतेही उत्तर आले, तर बेरीज चार असो की चोवीस, त्या उत्तरपत्राची सांख्यिकी तिथेच थांबवावी. त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी शिक्षकांना सांगावे, जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी गाठ घालून द्यावी, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक त्याच्याजवळ लिहून द्यावा.